दाढ काढून ९ वर्षं झाली, आता चावाच बसत नाही. आधी तारा की आधी इम्प्लांट?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. वय ३८. खालची डावीकडची पहिली मोठी दाढ ९ वर्षांपूर्वी काढली (डॉक्टर लोक तिला ३६ नंबर म्हणतात, मी आधी माझं वय चुकीचं लिहिलंय असं समजलो होतो). तेव्हा नंतर बसवून घेऊ म्हटलं आणि ते नंतर काही आलं नाही, कारण दुखत काहीच नव्हतं. दुखत नाही ते आपल्याकडून राहतंच.

आता परिस्थिती अशी की मागची दाढ त्या फटीत कलंडलीये, बसमध्ये शेजारच्याच्या खांद्यावर डुलकी घेणाऱ्या माणसासारखी. तिच्या पोटाखाली घास अडकतो आणि ब्रश पोचत नाही. वरची दाढ खाली उतरून आलीये, समोर कुणी नाही म्हटल्यावर तिला थांबवणार कोण. तोंड मिटलं की आधी एकाच ठिकाणी टेकतं, मग जबडा थोडा सरकतो आणि मग बाकीचे दात लागतात. खालच्या पुढच्या दातांची मधली रेघ वरच्या रेघेच्या डावीकडे गेलीये. गेली काही वर्षं मी फक्त उजव्या बाजूने चावतोय हे मला परवा कुणीतरी विचारल्यावर कळलं.

दोन डॉक्टर, दोन मतं. पहिले म्हणाले लगेच इम्प्लांट (हाडात स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात) बसवू, वरची दाढ थोडी घासून घेऊ, ४-५ महिन्यांत मोकळे. दुसऱ्या म्हणाल्या आधी तारा लावा, दीड वर्ष धरून चाला, मग इम्प्लांट. या वयात दीड वर्ष तारा ऐकूनच मी खुर्चीतून उठलो. कुणी यातून गेलंय का?

भिंगरी:
रुमाल टाकून ठेवतेय. सेम केस, फक्त उजवीकडची. सविस्तर लिहा रे लोकहो.

सुतारपक्षी:
सरळ इम्प्लांट करून टाका. तारा वगैरे शाळकरी वयात, तेव्हा हाड मऊ असतं. आता हाड पक्कं झालं, दात काय हलणार आणि हलले तरी खिळखिळे होणार. उगाच दीड वर्ष तोंडात लोखंड.

दंतकथा:
मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात सरकवणारी डॉक्टर आहे, तोंड न बघता सल्ला देत नाही, पण वरचा प्रतिसाद तसाच सोडला तर झोप लागणार नाही.

सुतारपक्षी, हाड लहानपणी मऊ म्हणून दात हलतो असं नाही हो. दात हाडात सिमेंटने चिकटवलेला नसतो, मुळाभोवती साधारण पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं आवरण असतं, त्यात तो टांगल्यासारखा असतो. दाताला हलका पण सतत जोर दिला की ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड शरीरच विरघळवतं आणि ज्या बाजूला ताण येतो तिथे नवीन भरतं. हे काम करणाऱ्या पेशी १४ व्या वर्षी असतात तशा ६० व्या वर्षीही असतात. मोठ्या माणसात सुरुवात जरा सावकाश होते, नंतर महिन्याला अंदाजे १ मिमीच्या आसपास वेग पकडतो. अहो उंबरठांची दाढ ९ वर्षांत आपणहून कलंडलीच ना? तिला कुणी सांगितलं नाही की हाड पक्कं झालंय म्हणून.

मोठ्यांमध्ये न होणारी गोष्ट वेगळी आहे. जबड्याची वाढ थांबलेली असते, त्यामुळे वरचा-खालचा जबडाच लहानमोठा असेल तर मुलांना देतो तशी वाढ वळवणारी उपकरणं चालत नाहीत. मग एक तर दातांचा कल बदलून ते झाकायचं, नाहीतर जबड्याची सर्जरी. आणि दुसरं, मोठ्यांच्या हिरड्या. हिरडीचा आजार चालू असताना दात सरकवले तर आहे ते हाडही जातं. म्हणून मी वय विचारत नाही, हिरडीतून रक्त येतं का ते विचारते.

आता उंबरठांच्या मूळ प्रश्नाकडे. आधी काय, याचं उत्तर इम्प्लांट काय चीज आहे त्यात आहे. इम्प्लांटला ते तंतूंचं आवरण नसतं, टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाला धरतो. तो एकदा धरला की तारेने, अलायनरने (दातांवर घालायचे काढता येणारे पारदर्शक साचे), कशानेही सरकत नाही. म्हणजे आज वाकड्यातिकड्या शेजाऱ्यांच्या मधे तो ठोकला तर पुढे बाकी सगळ्यांना त्याच्या मर्जीने राहावं लागेल. कधीकधी आम्ही मुद्दाम आधी इम्प्लांट बसवून त्याचाच आधार घेऊन बाकीचे दात ओढतो, पण तेव्हा त्याची अंतिम जागा आधी मोजून ठरवलेली असते. 'जागा आहे तिथे बसवून टाकू' हा प्लॅन नाही.

निवांत:
दंतकथांनी जे लिहिलंय तो ठोकलेला खुंटा माझ्या तोंडात आहे. मी आधी इम्प्लांट केला. फट कमी होती म्हणून वरची कॅप बारीक बसवली, दाढेच्या जागी दाढेची धाकटी बहीण. मागची दाढ कलंडलेलीच राहिली. दोघींच्या मधे वर टेकतात आणि खाली त्रिकोणी पोकळी, तिथे प्रत्येक जेवणानंतर उत्खनन करावं लागतं. ३ वर्षांनी पुढचे दात वाकडे व्हायला लागले म्हणून ऑर्थोकडे गेलो तर त्या बाईंनी एक्सरे बघून दीर्घ श्वास घेतला. माझी ट्रीटमेंट झाली पण सगळं त्या खुंट्याभोवती, मधली रेघ शेवटी जुळलीच नाही. डॉक्टरांचा दोष म्हणू की माझा, मीच म्हणालो होतो की लवकरात लवकर काय होईल ते करा.

भिंगरी:
बापरे. मी पण हेच म्हणणार होते.

उंबरठा:
दंतकथा, धन्यवाद. दुसऱ्या डॉक्टरांनी अजून एक बोलून ठेवलंय की फट उघडायची की बंद करायची ते आधी ठरवू. बंद करायची म्हणजे? मागची दाढ पुढे आणायची? मग इम्प्लांटच नको?? हे ऐकून तर मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

दंतकथा:
तिकीट तपासून बघा आधी 🙂

दोन्ही होतं. उघडायची म्हणजे कलंडलेली दाढ मागे उभी करायची, जुन्या दाढेएवढी जागा मोकळी करायची, खालच्या पहिल्या दाढेला साधारण १० ते ११ मिमी लागतात, आणि तिथे इम्प्लांट किंवा ब्रिज (पुढच्या-मागच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात). बंद करायची म्हणजे दुसरी दाढ मुळासकट पुढे आणून पहिलीच्या जागी उभी करायची, आणि अक्कलदाढ चांगली असेल तर ती दुसरीच्या जागी. ऐकायला झकास, स्वतःचाच दात, स्क्रू नाही कॅप नाही.

पण तुमची दाढ काढून ९ वर्षं झाली. दात काढला की त्या जागचं हाड आक्रसतं, रुंदीला पहिल्या वर्षातच जवळजवळ निम्मं होऊ शकतं. त्या बारीक झालेल्या बांधावरून दोन जाड मुळांची दाढ ओढत आणायची म्हणजे अरुंद गल्लीतून कपाट नेण्यासारखं आहे. खालच्या जबड्याचं हाड दाटही असतं. महिन्याला अर्धा मिमी सरकली तरी खूप, म्हणजे १० मिमीचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय ओढताना पुढचे दात मागे खेचले जातात, तुमची रेघ आधीच सरकलीये ती आणखी सरकेल. त्यासाठी हाडात छोटे मिनी-स्क्रू लावून त्यांच्यावरून ओढावं लागतं. दात नुकताच गेलेला, हाड अजून रुंद, पेशंट विशीतला, अक्कलदाढ सुंदर, अशा केसमध्ये मी बंद करण्याचा विचार आधी करते. तुमच्यात काय ते ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे) आणि हाडाची रुंदी बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, मी तर नाहीच.

सुतारपक्षी:
ओके, माझं चुकलं, मागे घेतो. पण एक शंका, ती उभी करायची वगैरे भानगड कशाला, वाकडी तर वाकडी, पुढच्या-मागच्या दातावर टेकवून ब्रिज करा की. माझ्या नात्यात एकाला आहे, मजेत आहेत.

दंतकथा:
थोडी वाकडी असेल तर करतातही. पण ब्रिज म्हणजे एकसंध टोपी, दोन खांबांवर एकाच वेळी सरळ खाली बसायला हवी. एक खांब उभा आणि एक तिरका असेल तर तिरक्याला घासून उभ्याच्या ओळीत आणावं लागतं. जास्त तिरकी असली की घासता घासता नस उघडी पडते आणि रूट कॅनल आलं. त्यात चावण्याचा जोर मुळाच्या सरळ दिशेत न जाता आडवा जातो. आणि कलंडलेल्या दाढेच्या पुढच्या बाजूला हिरडीत जी खोबण तयार झालेली असते, घास अडकतो म्हणताय ती, ती तशीच राहते. दाढ उभी केली की ती जागा निदान ब्रशच्या टप्प्यात येते, माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा, दिसणं नंतरचं.

खडूफळा:
माझी केस वेगळी आहे पण धडा तोच म्हणून लिहिते. मला वरचा बाजूचा पुढचा दात (सुळ्याच्या अलीकडचा) जन्मतःच नव्हता, म्हणजे आलाच नाही, एक्सरेमध्येही कळी नव्हती. मोठेपणी कळलं की असे न येणारे दात बरेच कॉमन आहेत, अक्कलदाढा सोडल्या तर हा आणि खालची दुसरी उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधल्या छोट्या दाढांपैकी) यात पुढे असतात. सुळा पुढे सरकून त्या जागी येऊन बसला होता, सगळे म्हणायचे दात जरा टोकदार आहे तुझा.

तिथेही तोच प्रश्न, बंद की उघड. बंद म्हणजे सुळ्यालाच त्या दाताचं सोंग द्यायचं, टोक घासायचं, कडेला काँपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावायचं. पण सुळा जाड असतो, रंगाने जरा पिवळा असतो, त्याची हिरडी वर असते, सोंग कधीकधी उघडं पडतं. माझा दुसऱ्या बाजूचा दात छान होता त्यामुळे दोन बाजू वेगळ्या दिसल्या असत्या. म्हणून उघडायचं ठरलं, अलायनरवर, कारण मला तारा नको होत्या आणि मी हट्टी आहे.

१४ महिने, दिवसाला २२ तास, एकही दिवस चुकवला नाही. अलायनरच्या आत त्या फटीच्या जागी दाताच्या रंगाचं भरून देतात त्यामुळे घातलेलं असताना दात दिसतो, फक्त जेवताना काढावं लागतं आणि तेव्हा दात डबीत. असो. शेवटी आरशात बघितलं तर एकदम बरोबर ७ मिमीची सुंदर फट. नाचत इम्प्लांटवाल्यांकडे गेले. त्यांनी एक्सरे काढला आणि म्हणाले, इथे इम्प्लांट जाणार नाही. हिरडीच्या बाहेर दात लांब गेले होते पण आत मुळांची टोकं एकमेकांकडे झुकलेली, खाली रुंद वर अरुंद. इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंना मुळापासून किमान दीड मिमी तरी अंतर लागतं, माझ्याकडे टोकाशी स्क्रू शिरायलाच जागा नव्हती. मग ६ महिने शेवटी तारा लावल्याच, मुळं सरळ करायला. म्हणजे आरशातली फट बघून हुरळून जाऊ नका, एक्सरेमधली बघा.

दंतकथा:
शाब्बास, हे पुस्तकात छापायला हवं. अलायनर दाताचा दिसणारा भाग ढकलायला चांगले आहेत, मुळाला वळवायला त्यांना झगडावं लागतं. दाताला चिकटवलेले छोटे उंचवटे मदत करतात, पण जिथे मूळ लांब अंतर न्यायचंय किंवा दाढ पुढे आणायचीये तिथे अजून तरी मी ब्रॅकेट (तार धरायला दाताला चिकटवतात त्या चकत्या) आणि तार यावरच भरवसा ठेवते. घरबसल्या ठसा घेऊन कुरियरने मागवायचे अलायनर तर गेलेला दात असणाऱ्यांनी अजिबातच नको, एक्सरेशिवाय दात सरकवणं म्हणजे डोळे बांधून सुई ओवणं.

जुनी वही:
वय ६१. मला दोन दाढा नाहीत, एक खाली डावीकडे सगळ्यात मागची, एक वर उजवीकडे. २० वर्षं झाली. बाजूच्या फार हलल्या नाहीत, चावता येतं, हिरड्या ठीक. दर ६ महिन्यांनी दाखवतो. डॉक्टर म्हणाले काही करू नका. तेव्हा प्रत्येक फट भरलीच पाहिजे असं काही नाही, एवढंच सांगायला आलो.

दंतकथा:
काका, पूर्ण सहमत. उपदाढांपर्यंतचे दात समोरासमोर नीट लागत असतील तर मागच्या दाढांशिवायही बऱ्याच लोकांचं व्यवस्थित चालतं, कायझर नावाच्या डच प्राध्यापकांनी १९८१ साली हे मांडलं आणि त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. सगळ्यात मागची दाढ जाणं आणि मधली जाणं यात फरक आहे. मागची गेली तर तिच्या मागे कलंडायला कुणी नसतं, फक्त समोरची उतरते का ते बघायचं. मधली गेली की दोन्हीकडून रांग मोडते, आणि तरी सगळ्यांची मोडतेच असंही नाही. २० वर्षांत हलली नाही ती आता हलायची घाई करणार नाही.

भिंगरी:
जबडा कटकट वाजतो त्याचं काय? मला वाटायचं की चावा बसला की ते जाईल. एकाने मला सांगितलं की तारा लावल्या की डोकेदुखी पण जाते.

दंतकथा:
नुसता आवाज, दुखणं नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर त्याला ट्रीटमेंटच लागत नाही बहुतेक वेळा. आणि सांध्याचं दुखणं जाईल म्हणून तारा लावू नका, तशी हमी कुणी देत असेल तर तिथून चप्पल घालून निघा. दुखत असेल तर आधी ते शांत करायचं, मगच तारांचा विषय.

सांध्यावरून आठवलं, सगळ्यांसाठी लिहून ठेवते. हाडं ठिसूळ होतात म्हणून ज्या गोळ्या किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन देतात, बिस्फॉस्फोनेट म्हणतात त्यांना, ते चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल तर न विचारता सांगा. ती औषधं हाड विरघळवणाऱ्या पेशींनाच थोपवतात, म्हणजे दात सरकायचं जे इंजिन आहे तेच बंद. दात काढणं आणि इम्प्लांट यातही त्याने धोका असतो. लोक बीपी, शुगरच्या गोळ्या सांगतात आणि हे सांगायचं राहतं कारण त्यांना वाटतं हाडांचा आणि दातांचा काय संबंध. शुगर ताब्यात हवी, सिगरेट बंद हवी हे वेगळं सांगत नाही.

उंबरठा:
(साधारण महिन्याने) धागा वर काढतोय. ओपीजी, बाजूने काढतात तो कवटीचा एक्सरे, तोंडाचं स्कॅनिंग आणि त्या जागचा थ्रीडी स्कॅन असं सगळं झालं. यावेळी मी ऑर्थोवाल्या आणि इम्प्लांटवाले दोघांना एकाच वेळी एका खोलीत बसवलं, तेही हसून तयार झाले, म्हणे पेशंट असं सुचवत नाहीत सहसा.

निकाल: फट ६ मिमी उरलीये. हाडाचा बांध बारीक, त्यामुळे दाढ पुढे आणणं रद्द, लॉटरी फुसकी निघाली. दाढ उभी करायची, त्यासाठी मागची अक्कलदाढ काढायची कारण तिने वाट अडवलीये. वरची उतरलेली दाढ ३ मिमी आत ढकलायची, तिच्या दोन्ही बाजूंना गालाकडे आणि टाळूकडे एकेक मिनी-स्क्रू, मधे रबर. इम्प्लांटच्या वेळी थोडं हाड भरावं लागेल. पहिल्या डॉक्टरांनी वरची घासायची म्हटलं होतं ना, ३ मिमी घासली असती तर नस उघडी, रूट कॅनल आणि कॅप, म्हणजे चांगली दाढ विनाकारण आजारी. हे मला आधी कुणी असं सांगितलं असतं तर मी खुर्चीतून उठलोच नसतो.

ऑफिसात तारा लावून जायची लाज वाटतेय हे मात्र खरं. ब्रॅकेट सिरॅमिकचे घेतोय पुढे, मागे मेटल.

निवांत:
लाज दुसऱ्या आठवड्यात संपते कारण तोपर्यंत गालाच्या आतून जे सोलपटतं त्याच्यापुढे लाज किरकोळ वाटते. मेण जवळ ठेवा, टोचणाऱ्या ब्रॅकेटवर चिकटवायचं. पहिले ४-५ दिवस मऊ खा. आणि फटीत घासायचा तो बारीक बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश घ्याच, साध्या ब्रशने तारेखालचं काही निघत नाही.

खडूफळा:
+१. आणि गोळी घेताना आयब्युप्रोफेन सारखी रोज रोज घेऊ नका, सूज कमी करणाऱ्या त्या गोळ्यांनी दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो म्हणतात, मला पॅरासिटामॉल सांगितलं होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून काय ते.

उंबरठा:
(५ महिन्यांनी) घाबरलोय म्हणून लिहितोय. दाढ उभी राहतेय हे आरशातही दिसतंय, घास अडकणं बरंच कमी झालं, सगळं छान चाललं होतं. आणि गेल्या ३ आठवड्यांपासून तोंड मिटलं की फक्त ती एकच दाढ टेकते आणि पुढचे दात उघडे राहतात!! कागद आरपार जातो. चावा सुधारायला गेलो आणि होता तोही गेला असं झालंय. पुढची अपॉइंटमेंट १० दिवसांनी.

दंतकथा:
श्वास घ्या. कलंडलेला खांब उभा केला की त्याची उंची वाढते, तंबूचा असो की दाढेचा. स्प्रिंगने दाढ मागे फिरवताना ती थोडी वरही उचलली जाते, आणि जबडा बिजागरीसारखा असल्याने मागे अर्धा मिमी उंच झालं की पुढे त्याहून जास्त उघडं पडतं. त्यावर उपाय आहेत, तिला खाली दाबून ठेवता येतं, किंवा वरचा टोकाचा भाग किंचित घासून टेकणं कमी करतात, तो आधीच तिरका असल्याने झिजलेला नसतो. पण १० दिवस वाट बघू नका, फोन करून सांगा. त्यांना हे अपेक्षित असणार, फक्त त्यांनी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

उंबरठा:
गेलो. ५ मिनिटं घासलं, कागद ठेवून दहादा टकटक केलं, तार बदलली. त्या म्हणाल्या, सांगितलं होतं की पहिल्या दिवशी. मला अजिबात आठवत नाही. पहिल्या दिवशी मी फक्त दीड वर्ष एवढंच ऐकलं असणार.

अवांतर: वरचा टाळूकडचा मिनी-स्क्रू सैल होऊन निघाला. मला वाटलं दात पडला. त्यांनी शांतपणे बाजूच्या जागेत दुसरा लावला, बधिर करून जेमतेम ५ मिनिटं. लांबी ८ मिमी म्हणे, इतका चिमुकला की जमिनीवर पडला असता तर सापडला नसता.

भिंगरी:
मी पण सुरू केलं! तुमच्या धाग्यामुळे. माझी दाढ काढून फक्त ८ महिने झालेत आणि अक्कलदाढ सरळ आहे, त्यामुळे मला बंद करायचा सांगितलाय, उजवीकडची दुसरी पुढे आणणार. दोन ते अडीच वर्षं. मी २६ ची आहे, म्हटलं चालेल.

सुतारपक्षी:
सगळ्या धाग्यात सगळ्यात चुकीचा प्रतिसाद माझा होता त्यामुळे हे कबूल करणं भाग आहे की गेल्या महिन्यात मी पण दाखवून आलो. हिरडीतून रक्त येतं. आधी ३ महिने हिरड्यांची ट्रीटमेंट, मग बघू म्हणाले. खाली पुढचे दात एकमेकांवर चढलेत. सरळ केले की मधे काळे त्रिकोण दिसतील असं आधीच सांगून ठेवलंय, हिरडी खाली गेलीये म्हणून.

दंतकथा:
आधीच सांगितलं ना, मग चांगले आहेत तुमचे डॉक्टर.

उंबरठा:
(१६ महिने झाले) फट १०.५ मिमी. वरची दाढ आपल्या रांगेत गेली. मधली रेघ पूर्ण नाही पण जवळजवळ जुळली, फोटोत कळत नाही. दोन्ही बाजूंनी चावतो, डावीकडच्या बाजूला अजून भरवसा बसलेला नाही, जीभ आपोआप घास उजवीकडे ढकलते. काल इम्प्लांटआधीचा एक्सरे काढला. खडूफळांची कथा आठवून मीच आधी मुळं दाखवा म्हटलं. उपदाढेचं मूळ अजून थोडं मागे झुकलंय, दोन महिने थांबा म्हणाले. थांबतो. इम्प्लांट झाल्यावर हाडाने धरायला अजून ३ महिने, तोवर तार काढायची नाही, नाहीतर दाढ परत डुलक्या घेईल.

निवांत:
आणि दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा तो रिटेनर?

उंबरठा:
रात्री, कायमचा. लिहून घेतलंय माझ्याकडून, सही सकट. यावेळी फॉर्म दोनदा वाचला.